ऑफिसच्या वेळेतली ओहोटी

पानसे बाईंबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी घसा बसल्याचं कारण दिलं. पुढे कार्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशन खरं होतं, पण ते होऊन चार महिने उलटले होते. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या ओळखीतले शास्त्रज्ञ परुळेकर यांचा फोन आला आणि बाई गेल्याचं कळलं. ते म्हणाले, "राऊतसाहेब, आता तरी लिहा. तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून पाहिलंत."

जवळून पाहिलं, हे खरं आहे. आमची टेबलं समोरासमोर होती.

आमचं कार्यालय येरवड्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. काम समुद्राचं. किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रांकडून दरवर्षी प्रस्ताव यायचे. कुणाला खाडीतले मासे मोजायचे असत, कुणाला पाण्याचे नमुने घ्यायचे असत. ते तपासायचे, त्यांची वर्षाची एक योजना बांधायची आणि मंजुरीसाठी वर पाठवायची. समुद्राचं कार्यालय पुण्यात कसं, असं नवा माणूस विचारायचा. पानसे बाई सांगायच्या, "मुंबईत ठेवलं असतं तर लोक कामाच्या वेळात समुद्र बघत बसले असते. इथे तो धोका नाही."

मी मूळचा यवतमाळचा. सदस्य-सचिव म्हणून तिथे रुजू झालो तेव्हा बाई तांत्रिक अधिकारी होत्या. उंचीने बेताच्या, काठाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चष्म्याला दोरी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "समुद्र पाहिलाय का आपण?"

"पाहिलाय ना. सहलीला गेलो होतो."

"म्हणजे भरतीचा पाहिलात. लोक भरती बघतात, भजी खातात आणि परत येतात. आपल्याला इथे ओहोटी लागते. पाऊणकी येते का?"

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. तो माझ्या वडिलांना येत होता, मला नव्हता. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "आजची तिथी चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास भरती, आणि तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. पुण्यात बसून समुद्र कुठे आहे ते कळायला एवढं पुरतं. बाकीचं शास्त्रज्ञ सांगतील."

हा हिशेब त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. नारायण पेठेत दोन खोल्यांत वाढलेली, पोहता न येणारी ही बाई दरवर्षी दहा दिवसांची हक्काची रजा काढून किनाऱ्यावर जायची. देवदर्शनाला नाही आणि हवापालटालाही नाही. चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायकांबरोबर ती गुडघाभर चिखलात चालायची. परत यायच्या तेव्हा नाकाची साल निघालेली असायची. "चिखलात पाय उचलून चाललं की माणूस फसतो. पाय ओढत न्यायचा," त्या सांगायच्या. मग माझ्याकडे बघून, "आपल्या खात्यात हे सगळ्यांना येतंच म्हणा."

प्रस्ताव कुठलाही असो, बाईंचे प्रश्न तीनच असत. कधी जाणार? कुठून उतरणार? आणि तिथे आधीपासून कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाला भले भले अडायचे. खाडी म्हणजे नकाशावरची निळी जागा नव्हे, तिथे कुणाची तरी जाळी लागलेली असतात, कुणाची तरी रोजची वाट असते, हे त्यांना कागदावर लिहिलेलं लागायचं. एकदा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी नमुने घेण्यासाठी नेमकी नारळी पौर्णिमेची तारीख घातली होती. बाईंनी त्यांना फोन लावला. "सर, त्या दिवशी आपल्याला समुद्रावर नारळ मिळतील. नावाडी मिळणार नाही."

परुळेकर तेव्हा अगदी तरुण शास्त्रज्ञ होते. पहिल्यांदा आले ते चाळीस पानांचा प्रस्ताव घेऊन. बाईंनी तो चाळला आणि विचारलं, "यात समुद्र कितव्या पानावर आहे?" परुळेकरांचा चेहरा पडला. बाईंनी त्यांना समोरच्या बाकावर बसवलं, स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळीभाजी दिली आणि चार तासांत त्यांच्याकडून त्या चाळीस पानांची अडीच पानं करून घेतली. तो प्रस्ताव त्या वर्षी सगळ्यांत आधी मंजूर झाला. परुळेकर आजही सांगतात, डॉक्टरेट मला विद्यापीठाने दिली, पण लिहायला त्या बाकाने शिकवलं.

त्यांच्या सही करण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाई न वाचता सही करत नसत. लाकडी पट्टी ओळीखाली धरायच्या, ओळ वाचायच्या, आणि वाचून झालेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका द्यायच्या. पान संपलं की ठिपक्यांची सरळ रेघ दिसायची. मग खाली सही. रजेचा अर्ज असला तरी हेच. शिपाई शंकर म्हणायचा, "बाईंचं लग्न झालं असतं तर अक्षतांवर पण ठिपके दिले असते त्यांनी." बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "दिले असते. म्हणूनच राहिलं."

आणि फाइलीची नाडी बांधण्याआधी त्या एकदा मान वर करून विचारायच्या, "काही राहिलं का?" समोर कुणी नसलं तरी विचारायच्या. समोर बहुतेक मीच असायचो. मी म्हणायचो, "नाही." मग गाठ बसायची.

आता माझ्याबद्दल थोडं, जेवढं लागतं तेवढं. मला एका गोष्टीचा अभिमान होता. माझी फाइल वरून कधी परत यायची नाही. शंका नाही, शेरा नाही, गेली की मंजूर होऊनच यायची. वरच्या मजल्यावर मोठे साहेब चारचौघांत म्हणायचे, "राऊतांची फाइल आहे ना, मग आणा सहीला." ते ऐकायला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी परुळेकरांच्या केंद्राकडून एक सर्वेक्षण आलं. एका खाडीच्या तोंडाशी बोटींसाठी धक्का बांधायचा होता. त्या चिखलात शिंपल्यांचा थर आहे का आणि केवढा आहे, हे आधी पाहायचं होतं. थर मोठा निघाला तर धक्का पलीकडे सरकणार होता. परुळेकरांनी दिवस मागितले होते ते अमावास्येनंतरचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खाली जाते. एरवी पाण्याखाली असलेला चिखल तेव्हाच उघडा पडतो. पण त्या दिवसांतली ओहोटी भल्या पहाटे येते. म्हणजे नाव चार वाजता सोडायला हवी. आणि सकाळी नऊच्या आधी सरकारी वाहन आणि नाव काढायची तर दुसऱ्या विभागाची वेगळी परवानगी लागत होती. ती यायला दीड-दोन महिने. तोवर वर्ष संपणार, आणि या एका प्रस्तावापायी सगळी वार्षिक योजना अडकणार.

मी कॅलेंडर उघडलं. पाऊणकी मला आता येत होती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. नवमी, दशमीलाही दुपारीच. ऑफिसच्या वेळेत. मी प्रस्तावातले दिवस आठवडाभर पुढे सरकवले. बाईंनी शिकवलेल्या हिशेबानेच सरकवले, हे मला आजही बोचतं.

बाईंनी टिपणी लिहिली, ओळीओळीला ठिपके देऊन खाली सही केली. त्या वेळी आमच्याकडे नुकते संगणक आले होते आणि टिपण्या टाइप होत. त्यातली चार वाक्यं मला पाठ आहेत: 'सुचवलेल्या दिवशी ओहोटी पुरेशी खाली जात नाही व चिखल उघडा पडत नाही. त्यामुळे शिंपले दिसणार नाहीत. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. समुद्राला कार्यालयीन वेळ लागू नाही.'

मी म्हणालो, "बाई, हे असंच वर गेलं तर फाइल परत येईल."

"येऊ दे ना. फाइलच आहे, घरी यायला लाजत नाही."

"सगळी योजना अडकेल. बाकीच्या केंद्रांचं काय?"

"मग तो एक प्रस्ताव काढा आणि पुढच्या वर्षी घाला. चिखल कुठे जात नाही. चुकीच्या दिवशी जाण्यापेक्षा न गेलेलं बरं."

म्हणणं सरळ होतं. पण प्रस्ताव काढायचा तर का काढला ते वर सांगावं लागणार, म्हणजे पुन्हा शेरा. त्या दिवशी दुपारी बाईंच्या आईचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होतं. त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघायच्या घाईत होत्या. फाइल संध्याकाळपर्यंत वर द्यायची होती. मी टायपिस्टकडून ते पान पुन्हा टाइप करून घेतलं. बाईंची चार वाक्यं काढली. त्या जागी एक ओळ घातली: 'प्रस्तावित दिनांक तांत्रिकदृष्ट्या योग्य आहेत.' पान घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. बाई पिशवी खांद्याला लावून उभ्याच होत्या.

"चहा सांडला होता तुमच्या टिपणीवर," मी म्हणालो. "तीच पुन्हा टाइप केलीय. तेवढी सही द्या, म्हणजे तुम्ही निघा."

त्यांनी पट्टीकडे हात नेला. मग घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उभ्याउभ्याच सही केली. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून ठिपके नसलेलं ते पहिलं पान.

"काही राहिलं का?" त्यांनी सवयीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

फाइल एकही शेरा न लागता मंजूर झाली. परुळेकरांचा फोन आला, तारखा बदलल्यात म्हणून. मी सांगितलं, "आता याच मिळतील, नाहीतर राहू द्या." ते गेले. भर दुपारच्या ओहोटीला गेले, जेवढं उघडं पडलं तेवढं पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं की त्या दिवशी शिंपले नगण्य आढळले. वर जाताजाता 'त्या दिवशी' हे दोन शब्द कुठेतरी गळाले. धक्क्याचं काम सुरू झालं.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी दोन बायका आमच्या कार्यालयात आल्या. नऊवारी कासोटा, पायांत प्लास्टिकच्या चपला. एकीच्या हातात झाकलेली पाटी होती. शंकर त्यांना दारातच अडवत होता, तोच पानसे बाई उठून गेल्या आणि त्यांना आत घेऊन आल्या. पाटीवालीने ती सरळ पानसे बाईंच्या टेबलावर ठेवून वरचं फडकं काढलं. चिखलाने माखलेले शिंपले, काठोकाठ.

"आमच्या खाडीत काय नाय, असं कोनी लिवलं?" तिने विचारलं. "आमची सासू ह्यावर जगली, आमी ह्यावर जगलो. आता थयं माती टाकतायत. कोनी लिवलं, त्याला बघायचाय."

मी माझ्या टेबलाशी होतो. चार हातांवर.

बाईंनी एक शिंपला हातात घेतला, अंगठ्याने चिखल पुसला. म्हणाल्या, "आमच्या कार्यालयाने लिहिलं. बसा. आधी चहा घ्या, मग मी तुम्हाला साहेबांकडे नेते." त्यांनी खरोखर नेलं. पाटी स्वतः उचलून दोन जिने चढल्या. मोठ्या साहेबांच्या काचेच्या टेबलावर चिखलाचा जो गोल डाग पडला, तो शंकरला दोनदा पुसावा लागला.

चौकशी लागली. साहेबांच्या खोलीत तिघांची समिती बसली, आणि सदस्य-सचिव म्हणून फाइल पुढे करायला मी होतो. टिपणीचं पान बाईंसमोर ठेवलं गेलं. आपण काय लिहिलं होतं ते त्यांना पक्कं आठवत असणार. त्यांनी पान वाचलं. मग बोट समासावरून हळूहळू वरपासून खालपर्यंत नेलं, जिथे ठिपके असायला हवे होते तिथून. बोट तळाशी आलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. एखाद्या प्रस्तावातली बेरीज जुळत नसली की त्या जशा पाहायच्या, तसं पाहिलं.

"सही आपली आहे का?" समितीने विचारलं.

"हो. सही माझी आहे."

"मग या तारखा योग्य कशा म्हणालात?"

"सही मी न वाचता केली," बाई म्हणाल्या. "ती चूक माझी. तारखा चुकीच्या आहेत. पुन्हा सर्वेक्षण करा, अमावास्येला. आज पंचमी आहे, दहा दिवस हातात आहेत."

त्यांना स्वतःबद्दल यापेक्षा जास्त बोलायचं नव्हतं. माझं नाव घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी का घेतलं नाही, हे मला कधी कळलं नाही. ते पान टाइप करणारा टायपिस्ट, माझं टेबल, माझं कपाट, सगळं त्याच इमारतीत होतं. त्यांचं मूळ पान, समासातल्या ठिपक्यांसकट, त्या क्षणी माझ्या खणात होतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. हे कारण मी स्वतःला पुढे वीस वर्षं देत राहिलो.

बाईंच्या सेवापुस्तकात नोंद झाली. बढती थांबली ती थांबलीच. त्यांना तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या फाइलींच्या खोलीत पाठवलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

सर्वेक्षण मात्र पुन्हा झालं. पहाटेच्या परवानगीसाठी बाई रोज दुपारी तळमजल्यावरून वर येऊन त्या दुसऱ्या विभागात जाऊन बसायच्या. "मी इथे कामाला नाही, बसायला आलेय," असं सांगायच्या. परवानगी नऊ दिवसांत मिळाली. एरवीचे दीड-दोन महिने कशात जात होते ते तेव्हा कळलं. परुळेकर अमावास्येनंतरच्या पहाटे चिखलात उतरले. धक्का सरकला. तोवर निम्मा थर मातीखाली गेला होता. निम्मा राहिला. परुळेकर सांगतात, बायका अजून तिथे जातात.

त्या तळमजल्यावरच्या खोलीत बाईंनी सात वर्षं काढली. भेटलं की म्हणायच्या, "इथे छान आहे, राऊतसाहेब. इथल्या फाइलींना कसलीही घाई नाही." तिथे बसून त्यांनी निकामी कागदांच्या पाठीवर एक तक्ता तयार केला. वर्षाची प्रत्येक तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, आणि चिखल उघडा पडेल की नाही. मग प्रस्तावाच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवावा, असं वर लिहून कळवलं. चार वेळा कळवलं. पाचव्यांदा रकाना आला. आज कुठल्याही किनाऱ्यावरचा प्रस्ताव आमच्या कार्यालयात आला की त्यात तारखेशेजारी तिथीचा रकाना भरावा लागतो. परवा एका समारंभात एक तरुण अधिकारी मला हसत विचारत होता, "सर, हे तिथी-बिथीचं कॉलम कुठल्या भटजीने घातलं हो?" त्याला आता इथे उत्तर देतो. ते सरोज पानसे यांनी घातलं. त्यांच्या सेवापुस्तकात जी चूक लिहिली आहे, ती त्यांची नव्हती. ती माझी होती. ते पान मी बदललं.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना भेटायला गेलो. नारायण पेठेतली जागा सोडून त्या हडपसरला पुतण्याच्या फ्लॅटवर राहायला आल्या होत्या, सातव्या मजल्यावर. पुतण्या आणि सून कामाला गेलेले. दार त्यांनीच उघडलं. काठी आली होती, बाकी अंबाडा, चष्मा, दोरी तीच.

"या. पत्ता सापडला म्हणजे कमाल आहे. इथे सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यात."

खणातलं त्यांचं मूळ पान मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या आत ठेवलं होतं. बसमध्ये तीनदा हात लावून पाहिलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं, अगदी थोडकं, बाईंना आवडेल असं. चहा झाला. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या साखरेची. खिडकीतून पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने दोन-दोन आकडे लिहिलेले.

"अजून लिहिता?" मी विचारलं.

"समुद्र निवृत्त झाला नाही ना." त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. "आज अष्टमी. आत्ता ओहोटी असेल तिकडे." जरा थांबून म्हणाल्या, "ऑफिसच्या वेळेतली."

आणि हसल्या. टोमणा म्हणून नाही. जुन्या ओळखीच्या माणसाशी जुनी गोष्ट वाटून घ्यावी तशा. त्यांना सगळं माहीत होतं, कधीपासून माहीत होतं, आणि माझ्यासाठी त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. मी कपाची कड पुसत बसलो. मग उन्हाचं कारण काढून उठलो.

काठी टेकत त्या लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट आली, मी आत शिरलो. त्यांनी बाहेरून बटण दाबून दार उघडं धरलं आणि मान वर करून विचारलं, "काही राहिलं का?"

माझा हात शर्टावर होता. कागद हाताला लागत होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी बटण सोडलं.